रविवारची गोळी

मित्रांनो, तुमच्या घरी औषधे कुठे ठेवतात? कोणाकडे कपाटाच्या खणात, कोणाकडे फ्रिजवर, तर कोणाकडे खिडकीला लटकवलेल्या पिशवीत. अकोल्याच्या सिंधूबाईंच्या घरी ती माझ्या पोटात असायची. मी पत्र्याचा चौकोनी डबा आहे. माझ्या झाकणावर एक तळे आणि त्यात पोहणारे दोन हंस होते. त्यातला एक पार पुसला गेला आहे आणि दुसऱ्याची मान तेवढी उरली आहे. एका कोपऱ्यात थोडा गंज आहे. बाकी मी धड आहे. माझे वय चाळिशीच्या आसपास असेल.

कारखान्यातले दिवस मला नीट आठवत नाहीत. यंत्राचा दणका, ओल्या रंगाचा वास आणि मग पोटात रचलेली बिस्किटे, एवढेच आठवते. अकोल्याच्या बाजारातल्या एका दुकानात मी काचेमागे बसलो होतो. सिंधूबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला नुकत्याच लागल्या होत्या. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी त्या मला घेऊन घरी आल्या. त्यांचा धाकटा भाऊ वसंत याने दोन दिवसांत बिस्किटे संपवली आणि मी रिकामा झालो. रिकाम्या डब्यात लोक सुया-दोरे ठेवतात, नाहीतर खिळे. माझे नशीब बरे होते. बाईंनी मला पुसून कोरडे केले, तळाशी जाड कागद घातला आणि माझ्यात रंगीत खडू ठेवले. दुसऱ्या दिवसापासून मीही शाळेत जाऊ लागलो.

बाई नकाशा न पाहता फळ्यावर आफ्रिका काढत. डावीकडचा फुगवटा, उजवीकडचे टोक, खाली निमुळती होत गेलेली जमीन, सगळे एका दमात. मग मधला पट्टा हिरव्या खडूने आणि त्याच्या वर-खाली गवताळ प्रदेश पिवळ्या खडूने रंगवत. पिवळा खडू नेहमी आधी संपायचा. "कमरेएवढं गवत," बाई सांगत, "मध्येच एखादं छत्रीसारखं सपाट झाड, आणि नजर पोचेल तिथपर्यंत आडोसा नाही." मुली ऐकत राहत. एकदा आकांक्षा नावाच्या मुलीने उभे राहून विचारले, "बाई, तुमी पाह्यलं काय थे?"

"नाही गं. वाचलंय," बाई म्हणाल्या.

आकांक्षा खाली बसली. तिच्या मनात काही वाईट नव्हते. पण बाईंनी त्या दिवशी खडू माझ्यात ठेवताना झाकण लावायला उशीर केला, एवढे मला आठवते.

पुढे शाळेची सहल मेळघाटात सेमाडोहला जाऊ लागली, तेव्हा मला नवे काम मिळाले. खडू निघाले आणि पट्ट्या, कापूस, जखमेवरचे औषध, तापाच्या गोळ्या आल्या. कोणाचा गुडघा फुटला, कोणाला गांधीलमाशी चावली की आरोळी यायची, "बाईंचा डबा आणा." मुख्याध्यापिकांनी एकदा प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर मला हातात उचलून दाखवले होते. तो माझ्या आयुष्यातला मानाचा दिवस.

सेमाडोहच्या त्या सहलींत रागिणीबाई नेहमी बरोबर असत. त्या कवायत आणि खेळ शिकवायच्या. मूर्तिजापूरच्या शेतकरी घरातल्या, आवाज खणखणीत, बोलणे रोखठोक. वयाने त्या तीन वर्षांनी लहान, म्हणून सिंधूबाईंना त्या ताई म्हणत. एका सहलीत मुली नदीच्या वाळूत खेळत होत्या आणि दोघी एका दगडावर बसल्या होत्या. रागिणीबाई म्हणाल्या, "ताई, तुमी त्या आफ्रिकेचं येवढं सांगता. रिटायर झालो का दोघी मिळून जाऊन पाहू."

बाई हसल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत.

वर्षे गेली. वसंत पुण्याला स्थायिक झाला. बाईंचे आईवडील गेले. बाईंनी लग्न केले नव्हते. त्या निवृत्त झाल्या आणि शाळेतून माझ्यासह घरी आल्या, ते घरीच राहिल्या. मला फ्रिजवर जागा मिळाली. आता माझ्यात मुलींसाठी काही नव्हते, सगळे बाईंचेच होते. त्यांना संधिवात जडला होता. सकाळी बोटे सुजून ताठ होत. दर रविवारी जेवणानंतर त्या एक लहानशी पिवळी गोळी घेत. आठवड्यातून एकदाच घ्यायची ती गोळी होती. डॉक्टरांनी सांगितले होते, "या गोळीनं सांधे वाचतील, पण अंगातली रोगाशी झुंजायची ताकद थोडी कमी होते. जपून राहा." माझे झाकण घट्ट आहे. बाई चमच्याची दांडी फटीत घालून ते उघडत.

मित्रांनो, एकट्या माणसाच्या घरातला दिवस कसा असतो ते मला विचारा. सकाळी कुकरची शिट्टी, दुपारी पंख्याचा आवाज, संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या लोकांचा टीव्ही. कधी कधी दोन-दोन दिवस मला बाईंचा आवाज ऐकू येत नसे. मग भाजीवाली दारात आली की बाई तिच्याशी गरजेपेक्षा जास्त वेळ बोलत. एकदा भाजी घेऊन ती वळली तरी बाई दारातून मेथीबद्दल काहीतरी सांगत राहिल्या होत्या.

मागच्या वर्षी रागिणीबाई निवृत्त झाल्या आणि पंधरा दिवसांत आमच्या दारात हजर झाल्या. हातात रंगीत कागद होता. अमरावतीचा अनुप नावाचा एक तरुण दरवर्षी वीस-बावीस जणांना परदेशातली जंगले दाखवायला नेत असे. त्या ऑगस्टमध्ये तो केनियाला जाणार होता.

"आमचे हे काही येत नाहीत," रागिणीबाई म्हणाल्या. हे म्हणजे त्यांचे यजमान खुशालराव. "वावर सोडून थे अमरावतीलेही राहात नाहीत. मी म्हटलं, मी आपली ताईंसंगं जातो. चालता ना?"

बाईंनी कागद दोन्ही हातांनी धरला. त्यावर पिवळे गवत होते आणि सपाट माथ्याचे एक झाड.

"चालते," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून घर बदलले. बाईंनी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर 'केनिया' असे लिहिले. शाळेत पाठाची टिपणे काढत तसे त्या सगळे लिहून काढू लागल्या. अमरावतीला अनुपने सगळ्या मंडळींना बोलावून दोन तास समजावून सांगितले होते, तेही त्या वहीत आले. कपडे मातकट, फिकट आणि पूर्ण बाह्यांचे. काळा आणि गडद निळा रंग नको, त्याकडे तिथली चावरी माशी येते. पाणी फक्त सीलबंद बाटलीतले. कापलेली फळे नकोत. गाडीतून कुठल्याही कारणाने खाली उतरायचे नाही. पासपोर्टच्या प्रती दोन ठिकाणी. प्रवासाचा विमा. मलेरियाची गोळी निघायच्या आधीपासून सुरू करायची आणि घरी परतल्यावरही चार आठवडे घ्यायची. आणि पीतज्वराचे, म्हणजे यलो फीव्हरचे, इंजेक्शन. ते ठरावीक केंद्रांतच मिळते, त्यासाठी नागपूरला जायचे.

"सगळ्यांत महत्त्वाचं," अनुप म्हणाला होता, "ज्याला जी गोळी चालू असेल ती डॉक्टरांना सांगा. तिथं गवतात मोठा दवाखाना नसतो."

हे वाक्यही बाईंनी वहीत लिहिले होते. लिहिताना त्यांना अजून काही ठाऊक नव्हते.

बाई रोज सकाळी नवे बूट घालून गच्चीवर फेऱ्या मारू लागल्या. संध्याकाळी रागिणीबाईंचा फोन येई आणि अर्धा अर्धा तास टोप्यांवर आणि चिवड्यावर बोलणे चाले. मी फ्रिजवर बसून ऐकत असे. कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणी हसत होते.

मग एका दुपारी बाई पीतज्वराच्या लसीची माहिती वाचत बसल्या. अनुपने सगळ्यांना ती छापून दिली होती. वाचता वाचता त्या थांबल्या. उठून त्यांनी मला खाली काढले, पिवळ्या गोळ्यांची पट्टी बाहेर घेतली, तिच्यावरचे बारीक नाव भिंगातून वाचले आणि पुन्हा तो कागद वाचला. ही लस कोणी घेऊ नये, त्या यादीत त्यांची गोळी घेणारी माणसे होती.

मला वाटले, आता त्या रागिणीबाईंना फोन करतील. त्यांनी फोन केला नाही. त्यांनी तो कागद घडी करून माझ्या तळाच्या कागदाखाली सरकवला. गोळ्यांची पट्टी नेऊन तूरडाळीच्या डब्यात खुपसली. रविवार आला, जेवण झाले, पण मला कोणी उघडले नाही.

असे तीन रविवार गेले. दुसऱ्या आठवड्यातच त्यांची बोटे फुगली. कपाचा कान धरता येईना, म्हणून त्या दोन्ही तळव्यांत कप धरून चहा पिऊ लागल्या. फोनवर मात्र म्हणत, "मी एकदम छान आहे." मी सारे पाहत होतो, मित्रांनो. डब्याला तोंड असते, पण ते दुसऱ्याने उघडायचे असते.

नागपूरला जायचा दिवस आला. चालू असलेली औषधे बरोबर आणा अशी सूचना होती, म्हणून मलाही पिशवीत घातले होते. रागिणीबाई मूर्तिजापूरला गाडीत चढल्या आणि चढल्याबरोबर त्यांनी धपाट्यांचा डबा उघडला. नागपूर येईपर्यंत त्या बोलत होत्या.

केंद्रात दोघींना फॉर्म दिले. काही आजार आहे का, कोणती औषधे चालू आहेत, असे प्रश्न होते. बाईंनी सगळीकडे 'नाही' लिहिले. अक्षर त्यांचे वाटत नव्हते इतके वाकडे आले होते. आधी रागिणीबाईंना इंजेक्शन दिले आणि अर्धा तास शेजारच्या बाकावर बसायला सांगितले. मग बाईंचा नंबर आला. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी फॉर्म पाहिला आणि विचारले, "संधिवात, दमा, कसली चालू गोळी? काही नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या.

परिचारिका लस भरू लागली. तेवढ्यात बाकावरून रागिणीबाई दंड चोळत म्हणाल्या, "ताई, आमचे हे विचारत होते, परक्या मुलकात येकटी कशी राहशीन म्हणे. मी म्हटलं, येकटी काहून? मले काही झालं त ताई पाहतीन. अन ताईले काही झालं त मी हाओ ना."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. परिचारिकेने कापूस भिजवून दंडावर लावला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मी एक गोळी घेते. आठवड्यातून एकदा घेते. सहा वर्षं झाली."

डॉक्टरांनी बाईंचे हात आपल्या हातात घेऊन बोटे पाहिली आणि गोळीचे नाव विचारले. बाईंनी ते अचूक सांगितले.

"ही लस जिवंत विषाणूंची असते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "दुबळे केलेले असतात, पण जिवंत असतात. तुमच्या अंगात झुंजायची ताकद कमी असेल तर लसच उलटू शकते. माणूस दगावूही शकतो. बोटांची ही सूज पाहता गोळी बंद दिसते. कधीपासून?"

"तीन आठवडे."

"कोणाला विचारून?"

बाईंनी पदर दंडावर ओढून घेतला.

"आज घरी गेल्यावर तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि हे सगळं सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "हे इंजेक्शन मी तुम्हाला देऊ शकत नाही. आणि या इंजेक्शनशिवाय केनियाला जाऊ नका."

परतीच्या गाडीत वर्धा स्टेशन मागे पडले तरी रागिणीबाईंनी धपाट्यांचा डबा उघडला नाही. मग म्हणाल्या, "मले काहून नाही सांगतलं?"

"तू मला येऊ दिलं नसतंस."

"नसतंच येऊ देलं." त्यांनी खिडकीकडे तोंड केले. "मंग मी बी नाही जात."

"तू जायचंस," बाई म्हणाल्या. "तुला लस मिळालीये. तिचं कार्ड आता जन्मभर चालतं. आणि मला कोणीतरी पाहून येऊन सांगायला हवंय."

मूर्तिजापूरला रागिणीबाई उतरल्या. गाडी हलेपर्यंत त्या खिडकीचा गज धरून उभ्या होत्या. तिथून अकोला अर्ध्या तासावर. तो अर्धा तास बाईंनी मला मांडीवर धरून ठेवले होते.

ऑगस्ट आला. बाईंची गोळी पुन्हा सुरू झाली होती, पण माझ्यातून नव्हे. त्यांची औषधे प्लॅस्टिकच्या एका पिशवीत गेली आणि मला त्यांनी रागिणीबाईंसाठी भरले. मलेरियाच्या गोळ्या, जुलाबावरच्या मिठा-साखरेच्या पुड्या, डासांचे मलम, पट्ट्या, तापमापक. प्रत्येक पुडीवर चिठ्ठी होती. मलेरियाच्या गोळ्यांवर लिहिले होते, 'रोज एक, जेवणानंतर. घरी आल्यावरही चार आठवडे. विसरू नये.'

अशा रीतीने मी आफ्रिकेत गेलो, आणि बाई गेल्या नाहीत. मला त्या प्रवासातले फारसे सांगता येणार नाही. मी पिशवीत असे. गाडीचे धक्के जाणवत, लोकांचे कुजबुजणे ऐकू येई, कोरड्या गवताचा वास येई. चौथ्या दिवशी दुपारी एका उंचवट्यावर फोन लागला. रागिणीबाईंनी फोनमधून समोरचे रान दाखवले.

"ताई, दिसून राह्यलं का? थो पाहा, सिंह. झाडाखाली झोपला हाये."

"सिंह राहू दे," अकोल्याहून बाईंचा आवाज आला. "गवत किती उंच आहे?"

"गवत? माह्या कमरेपर्यंत असंन."

"आणि ते झाड. वरून सपाट आहे का?"

"हाव ताई. सपाट हाये. छत्रीवानी."

"ताई? फोन कटला का?" रागिणीबाईंनी विचारले.

"नाही. आहे मी," बाई म्हणाल्या. "दाखव अजून थोडं."

रागिणीबाई सुखरूप परतल्या. मी त्यांच्याबरोबर मूर्तिजापूरला गेलो आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बसलो. घरी आल्यावर त्यांना वाटले, आता कसला मलेरिया, आपण आपल्या गावात आहोत. त्या गोळ्यांनी त्यांच्या पोटात आग पडत असे. त्यांनी गोळी बंद केली. बाई फोनवर विचारत, "गोळ्या घेतेस ना?" आणि त्या म्हणत, "हाव ताई, घेऊन राह्यली." गोळ्यांची अख्खी पट्टी माझ्या पोटात होती आणि मी फळीवर गप्प बसलो होतो.

बाराव्या दिवशी त्यांना हुडहुडी भरली. खुशालराव म्हणाले, "पावसात भिजली, अखीन काय." ओळखीच्या डॉक्टरांकडून तापाच्या गोळ्या आल्या. त्या डॉक्टरांना केनियाबद्दल कोणीच सांगितले नव्हते. ताप उतरला आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट चढला. संध्याकाळी बाईंचा फोन आला, तो खुशालरावांनी घेतला. बाईंनी पलीकडून काय विचारले ते मला ऐकू आले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने त्या मूर्तिजापूरला आल्या आणि स्टेशनवरून रिक्षाने थेट घरी.

"माझा डबा कुठे आहे?" त्यांनी विचारले.

खुशालरावांनी मला खाली काढून दिले. बाईंच्या बोटांनी झाकण निघेना. खुशालरावांनी ते उघडले. बाईंनी पट्टी उचलून पाहिली आणि खुशालरावांसमोर धरली.

"भाऊजी, हिचं रक्त आत्ता तपासायचं. उद्या नाही. आणि डॉक्टरांना पहिलंच वाक्य हे सांगायचं की ही केनियाहून आली आणि मलेरियाची गोळी मध्येच सोडली."

खुशालरावांनी वाद घातला नाही. त्यांनी गाडी काढली. अकोल्याच्या दवाखान्यात रक्त तपासले तर मलेरियाच निघाला, आणि तोही डोक्यात चढणारा. अजून दोन दिवस गेले असते तर काही सांगता आले नसते, असे डॉक्टर म्हणाले. रागिणीबाई सहा दिवस दवाखान्यात होत्या.

मला हे सांगायला संकोच वाटतो, पण ते सहा दिवस बाईंचे बरे गेले. सकाळी उठून मऊ भात करायचा, जेवणाचा डबा भरायचा, दवाखान्यात जायचे, खुशालरावांना जेवायला आपल्या घरी पाठवायचे. कोणीतरी त्यांची वाट पाहत असे. तिसऱ्या दिवशी रागिणीबाई उशीला टेकून बसल्या. मला बाईंनी त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवले होते.

"ताई, मी तुमाले खोटं सांगतलं."

"हो."

"तुमी रागावल्या नाही?"

"मी कोणत्या तोंडानं रागावू," बाई म्हणाल्या. "मी तर लिहून सही केली होती."

रागिणीबाई बऱ्या झाल्या आणि खुशालराव त्यांना घेऊन गेले. मी बाईंबरोबर परत आलो. पुन्हा कुकरची शिट्टी आणि पंख्याचा आवाज. दिवाळी गेली, संक्रांत गेली. वहीच्या मागच्या शंभर पानांवर काहीच लिहिलेले नव्हते.

फेब्रुवारीत अनुपचा फोन आला. मे महिन्यात तो दक्षिण आफ्रिकेला जाणार होता. तिथे मलेरियाचे डास नसलेली अभयारण्ये आहेत आणि भारतातून सरळ गेले तर पीतज्वराची लस लागत नाही.

"सरळ म्हणजे?" बाईंनी विचारले. "विमान मध्ये कुठे थांबतं? पीतज्वर असलेल्या देशात थांबून गेलं, तर चालत नाही ना?"

"दुबईमार्गे आहे, मॅडम. पण हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं," अनुप म्हणाला.

या वेळी बाई आधी आपल्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, चालतील त्या दोन लसी दिल्या, सगळ्या औषधांची नावे लिहून पत्र दिले आणि जायला हरकत नाही म्हणाले. पण रागिणीबाई येऊ शकत नव्हत्या. त्यांची मुलगी प्रणाली बाळंतपणाला माहेरी येणार होती, तीही मे महिन्यातच.

"मग मी एकटी कशी जाऊ?" बाईंनी फोनवर विचारले.

"घरी येकट्याच राहता ना तुमी?" रागिणीबाई म्हणाल्या. "तिथं त बावीस जण हायेत."

बाईंनी फोन ठेवला आणि खूप दिवसांनी वही उघडली.

निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला टेबलावर घेतले. मला वाटले, आता माझी पाळी. पण अनुपने सांगितले होते, औषधे हातातल्या पिशवीत, हलक्या बटव्यात ठेवा. रागिणीबाईंनी चेनचा एक कापडी बटवा पाठवला होता. तो बाईंच्या बोटांना सहज उघडे. त्यांनी माझ्यातली एकेक गोष्ट काढून त्यात भरली. वर डॉक्टरांचे पत्र ठेवले. मग मला पुसले, झाकण लावले आणि फ्रिजवर ठेवून दिले. जाताना दारातून त्यांनी एकदा सगळ्या घरावर नजर फिरवली. माझ्याकडे पाहिले असेल किंवा नसेल.

आज त्यांना जाऊन सातवा दिवस आहे. फ्रिज बंद आहे, पंखा बंद आहे. खालच्या लोकांचा टीव्ही तेवढा ऐकू येतो. माझ्यात काही नाही. बाई परत आल्यावर औषधे बटव्यातच राहतील, हे मला कळते. बटवाच त्यांच्या सोयीचा आहे, आणि मला त्याचा राग नाही. त्या कुठल्या गवताकडे पाहत असतील, त्यांच्या शेजारी गाडीत कोण बसले असेल, बाई त्या माणसाशी बोलत असतील की नुसत्याच बाहेर पाहत असतील, हे मला इथून कळायला मार्ग नाही.

मित्रांनो, मी आयुष्यभर लोकांची औषधे सांभाळली, म्हणून एवढे मागायचा मला हक्क आहे असे समजतो. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादी आजी, आत्या, मावशी एकटी राहत असेल तर तिच्याकडे जा. ती कोणती गोळी घेते, कधी घेते, कुठे दुखते, ते तिला विचारा. पहिल्यांदा विचाराल तेव्हा ती म्हणेल, काही नाही, मी छान आहे. त्यावर उठून येऊ नका. थोडा वेळ तिच्याजवळ बसा, आणि पुन्हा विचारा.